शेवटचा कातळ

सिएरा पर्वतरांगेतल्या एका शिखराचा शेवटचा कातळ समोर आला, तसं कर्बीने आईला, लोरेनला, पायथ्याशीच बसवलं. "तुझ्या गुडघ्यांना हे झेपायचं नाही. मी वर जाऊन फोटो काढून आणतो."

 लोरेनने सँडविचचा कागद सोडला आणि ती खात बसली.

कर्बी भराभर वर चढला. उतरायला वळला मात्र, खालची दरी दिसली. बराच वेळ तो कातळाला बिलगून राहिला. शेवटी बारीक आवाजात म्हणाला, "आई, मी अडकलोय गं."

लोरेन हात पुसत उठली आणि मागच्या बाजूच्या फटीतून सावकाश वर आली.

"पालथा हो. तोंड कातळाकडे कर. आता डावा पाय खाली सोड, तिथं खोबण आहे."

पाय नेमका खोबणीत बसला. पुढचं सगळं सोपं होतं. खाली पोचल्यावर कर्बीच्या जिवात जीव आला.

"तू इथं आधी कधी आली होतीस?"

"तुझ्या बापाबरोबर. त्यालाही असंच उतरवलं होतं," लोरेन हसत म्हणाली. "तू पोटात होतास, म्हणून त्याने मला खाली बसवलं होतं."