वजनाचं तिकीट

"एकशे बासष्ट," रंगरावाने तिकीट वाचलं. "गेल्या खेपेपेक्षा दोन पौंडांनी चढलीस."

देहूरोडच्या बाजारात, चहाच्या हॉटेलासमोरच्या वजनाच्या यंत्रावरून शालन खाली उतरली. बाकावरचे चौघे फिदीफिदी हसले.

सहा रविवार हेच चाललं होतं. रंगराव लष्कराच्या डेपोत हमाल. बायको नवऱ्याहून जड झाली, असं तिथे कुणीतरी बोललं आणि याचं डोकं फिरलं. तेव्हापासून तिला दिवसाला एक भाकरी. त्याच्या ताटात मात्र तीन, वर तुपाची वाटी. "पुरुषाच्या पोटानं घराला शोभा येते," असं तो ढेरीवरून हात फिरवत सांगायचा.

शालनला अक्षर ठाऊक नव्हतं. मुलगा सातवी शिकलेला म्हणून भावाने हे स्थळ पसंत केलं होतं. भावाची पत्रंही रंगरावच वाचून दाखवायचा. सगळे खुशाल आहेत, एवढंच त्यांत असायचं.

त्या दिवशी घरी आल्यावर त्याने तिच्या पुढ्यातली अर्धी भाकरीही उचलली. चोरून खातेस, म्हणाला. तिने देवाची शपथ घेतली.

"मग यंत्र खोटं बोलतंय व्हय?"

सोमवारी नळावर तिला घेरी आली. शेजारच्या मास्तरीणबाई, कौशल्याबाई, यांनी तिला घरात नेऊन गूळपाणी पाजलं. लाज वाटावी म्हणून नवऱ्याने जपायला लावलेली सहा तिकिटं तिच्या कनवटीतून खाली पडली. बाईंनी ती उचलली, एकामागून एक पाहिली.

"वाढलंय कुठे, शालनबाई? एकशे चाळीसवरून एकशे पंधरावर आलात तुम्ही. मरायचंय का?"

शालनने तिकिटं मुठीत आवळली आणि तशीच डेपोच्या वाटेला लागली. सहा आठवड्यांची भूक मस्तकात गेली होती. डोळ्यांत डोळे घालून असं धडधडीत खोटं वाचलं कसं, हे त्याला चारचौघांत विचारायचं होतं.

ती पोचली तेव्हा फाटकापाशी नव्या पासांसाठी हमालांची रांग लागली होती. रंगरावाचा नंबर आला. कारकुनाने कागद ठेवून टाक पुढे केला.

रंगरावाने टाक बाजूला सारला आणि सवयीने डावा अंगठा शाईत बुडवला.