रोज जवळ ठेवायला

"हे नको. हे तर लिपस्टिकएवढं आहे," डॅरला म्हणाली आणि तिनं ते चिमुकलं पिस्तूल काचेच्या काउंटरवर परत ठेवलं.

वेंडेलला हसू आवरेना. "अगं, पर्समध्ये मावायला नको का?"

"मावायला हवं, पण नेम लागायलाही हवा ना!"

"बघ, बाईसाहेबांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं," काउंटरपलीकडून हॉयट म्हणाला. हॉयटचं हे दुकान आणि त्यामागचा नेमबाजीचा रेंज टेक्सासातल्या अख्ख्या अमारिलो गावाला माहीत. वेंडेल तर दर शनिवारी इथं पडीक असायचा. लग्न झाल्यापासून तो बायकोला म्हणत होता, एकदा येऊन बघ तरी. आणि ती म्हणत होती, तुझी ठायठुय तुलाच लखलाभ.

आज सकाळी अंडी परतता परतता तीच म्हणाली होती, "मला एक पिस्तूल घ्यायचंय. रोज जवळ बाळगता येईल आणि रेंजवर सरावही करता येईल असं. यातलं तुला कळतं. येशील?"

येशील म्हणे! वेंडेलला कॉफीचा ठसकाच लागला. मुलगी कॉलेजला गेली तेव्हापासून त्या घरात 'मीठ दे' आणि 'दार लाव' यापलीकडे बोलणं उरलं नव्हतं. डॅरला मुलीच्या खोलीत झोपायची. संसार हातातून निसटतोय हे वेंडेलला दिसत होतं, पण करावं काय ते त्या बापड्याला सुचत नव्हतं. आणि आता ती आपण होऊन त्याच्या शनिवारात आली होती. गडी नुसता हवेत होता.

हॉयटनं वापरून बघायला तीन पिस्तुलं दिली. कानांवर आवाज अडवणारे मफ, डोळ्यांवर चष्मे चढवून तिघं रेंजवर गेली.

पहिलं ते चिमुकलंच. वेंडेलचा हट्ट. डॅरलानं एकच गोळी झाडली आणि किंचाळली, "आई गं! कसलं लाथाडतंय हे!"

"जेवढं लहान तेवढं उसळणार," हॉयट ओरडून म्हणाला. "तुझ्या नवऱ्याला सांगून दमलो मी."

दुसरं वेंडेलकडे होतं तसलं मोठं. ते हातात स्थिर राहिलं, गोळ्याही बऱ्या लागल्या. पण डॅरलानं नाक मुरडलं. "हे घेऊन किराणा आणायला जाऊ? कमरेला वीट बांधल्यासारखं वाटेल."

तिसरं मधल्या मापाचं, चपटं, नऊ मिलिमीटरचं. तिनं मूठ आवळली आणि तिचा चेहराच बदलला. पहिली गोळी आत सरकवायची तर वरची पोलादी स्लाइड जोर लावून मागे ओढावी लागते. ती तिच्या हातून सुटली. वेंडेल लगबगीनं पुढे झाला. "दे इकडे, मी ओढून देतो."

"हात लावू नकोस! मला एकटीला जमलं पाहिजे."

पुन्हा सुटली. मग तिनं ओठ दाबले, कोपर अंगाशी घेतलं आणि खटॅक! वेंडेलनं टाळ्याच वाजवल्या. असला बाणा त्याला कुठं ठाऊक होता?

पाच गोळ्या. नेमाचा कागद तारेवरून जवळ आला, तर पाचही भोकं एका बशीखाली झाकली गेली असती. डॅरलानं पिस्तूल रिकामं करून ठेवलं, वळली आणि पूर्वी हसायची तशी खळखळून हसली. वेंडेलच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते चष्म्यावर ढकललं.

"हेच!" ती म्हणाली. "हेच घेणार मी!"

"घे की, राणी! पण रोज कशाला बाळगायचंय? मी आहे ना."

"तू असतोस कुठं? तुझा ट्रक आणि तू."

वेंडेलला ते टोचलं, पण पुढच्याच क्षणी त्याला आनंदाची उकळी फुटली. म्हणजे हे दुखणं होतं तर! एवढंच! "लांबच्या फेऱ्या सोडतो," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यापासून. देवाशपथ."

डॅरलानं डोळ्यांवरचा चष्मा काढला. "सोड. तब्येतीला बरं पडेल तुझ्या."

"आणि याची साफसफाई दर रविवारी मी करून देईन."

"नको. मला शिकव. आजच शिकव."

काउंटरवर त्यानं ते पिस्तूल उघडून दाखवलं. स्प्रिंग कुठली, नळी कशी काढायची, तेल किती घालायचं. तिनं त्याच्याकडून दोनदा खोलून घेतलं आणि मग स्वतः जोडलं. त्याची मान अशी ताठ, की हॉयटनं त्याला डोळा मारला. वेंडेलनं पाकीट काढलं तर तिनं आपलं कार्ड पुढे केलं. "माझं मी घेते." घेऊ दे, वेंडेलला वाटलं. पहिलं पिस्तूल ज्याचं त्यानंच घ्यावं. दुपारी तिला धुरावर भाजलेलं ब्रिस्केट खायला न्यायचं, संध्याकाळी मुलीला फोन करून सांगायचं, तुझी आई बघ काय करते, असे त्याचे बेत चालू झाले.

डॅरलाच्या नावाची सरकारी तपासणी होऊन फोनवर होकार आला. हॉयटनं पिस्तुलाची पेटी बंद केली आणि रेंजची पावतीबुकं काढली.

"आता वर्षाचं सभासदत्व करून टाका. जोडप्याला सवलत आहे. शिवाय तिकडे लबकलाही माझ्या भावानं रेंज काढलाय. दोन तासांवर. कुठलंही एक निवडा."

"इथलं, इथलं! दोघांचं!" वेंडेल काउंटरवर थाप मारत म्हणाला. "दर शनिवारी आम्ही दोघं!"

डॅरलानं पेटी काखेत घेतली.

"माझं एकटीचं कर, हॉयट," ती म्हणाली, "आणि लबकचं कर. सोमवारी मी तिकडे राहायला जातेय."