झाकणातला भुसा

दादा लाकूड तोडायला जंगलात गेला तो परतलाच नाही. परत आला तो त्याचा जुना चेनसॉ, गंजून जाम झालेला. तो पुन्हा सुरू झाला की दादाही येईल, असं माझ्या मनानं घेतलं.

शेजारच्या सुतारकाकांनाही जुन्या चेनसॉंचं माझ्याइतकंच वेड. दर रविवारी सकाळी ते माझ्या वर्कशॉपमध्ये येत. आम्ही पिस्टन घासला, कार्ब्युरेटर धुतला. साखळी अजून बसवलीच नव्हती. तरी दर रविवारी बाजूचं झाकण उघडलं की आत ताजा भुसा!

पहिल्या खेपेला काकांनी तो हुंगला. “उभ्या झाडाचा आहे हा. जंगलातल्या.”

पुढच्या खेपेला म्हणाले, “हा तुझ्या कुंपणाचा खांब.” मी धावत जाऊन पाहिलं. खांब धडधाकट होता.

“काका, दादा येतोय!”

“अरे, घरी येणारा माणूस वाटेतलं सगळं कापत येतो का?”

आज भुशात निळा रंग होता. वर्कशॉपच्या बंद दाराचा निळा.

“मागच्या दारानं निघू,” काका कुजबुजले. “चल लवकर!”

“तीन वर्षं वाट बघतोय, काका.” मी दाराशी गेलो, कडीवर हात ठेवला. “दादा, थांब रे, उघडतो.”

मागे टेबलावर, बंद चेनसॉच्या उघड्या झाकणातून काहीतरी गळायला लागलं. ओलं, कोमट. काकांनी सवयीनं चिमटीत धरून हुंगलं.

मग ते माझ्याकडे बघत राहिले. कशाचं आहे ते या खेपेला त्यांनी सांगितलं नाही.