मालकाचा रकाना

रेबीजच्या लसीच्या पन्नास मात्रा फ्रिजमध्ये पडून होत्या आणि फ्रिजची चावी रम्पाच्या पर्समध्ये होती. चार गावांच्या या तांबोन कार्यालयाची, म्हणजे इथल्या गटग्रामपंचायतीची, ती मुख्य अधिकारी. गेल्या वर्षी तिने विहारातल्या कुत्र्यांना लस टोचवली. लेखापरीक्षकांनी शेरा मारला: बेवारशी कुत्री हा तांबोनचा विषय नाही, खर्च मंजूर करणाऱ्याकडून वसूल करावा. तेव्हापासून तिच्या पगारातून महिन्याला पाचशे बात कापले जातात. तसाच शेरा पुन्हा आला, तर हप्त्यावर भागणार नव्हतं; नोकरीच जायची.

समोरच्या बाकावर बर्फवाला कम्फोल बसला होता. शनिवारी विहाराच्या अंगणात कुत्रा त्याच्या पाच वर्षांच्या मुलीच्या गालाला चावला. रविवारी कुत्रा मेला. पिसाळलेला होता, असं तपासणीत निघालं. मुलगी जिल्ह्याच्या दवाखान्यात होती. डॉक्टर इंजेक्शनं देत होते, शब्द देत नव्हते.

"एवढंच सांगा, कुत्रा कुणाचा?" त्याने चौथ्यांदा विचारलं.

"आमचा नाही, दादा," हिशेबनीस विनित म्हणाला.

"पोलीस म्हणतात आमचा नाही. विहाराचे पंच म्हणतात आमचा नाही. मग काय आभाळातून पडला?"

तेवढ्यात विहाराचे थोरले भिक्खू दारात आले. सगळे उठले. रम्पाने हात जोडले.

"राहिलेल्या त्रेचाळीस कुत्र्यांना टोचा," भंते म्हणाले. "पोरं त्याच अंगणातून शाळेत जातात."

"मालकाने अर्ज केला तर टोचता येतं, भंते. बेवारशांना नाही."

"मग मी मालक."

विनितला राहवलं नाही. "भंते, भिक्खूने बाळगायच्या वस्तू आठ. पात्र, चीवर, वस्तरा, सुई... त्या यादीत कुत्रा कुठाय?"

"तुमच्या यादीत तरी कुठाय?"

कम्फोलला हसू आलं, आणि आल्याची लाज वाटली.

रम्पाने अर्ज टेबलावर ठेवून हात मागे घेतला. बाईने भिक्खूच्या हातात काही द्यायचं नसतं. भंतेंनी तो उचलला.

"मागची बाजू वाचा," ती म्हणाली. "कुत्रा चावला तर जबाबदारी मालकाची. दवाखाना, दंड, कोर्टसुद्धा."

"वाचलं."

"विहाराच्या छपराच्या फंडात सव्वीस हजार आहेत," विनित हळूच म्हणाला. त्याला चारही गावांतल्या सगळ्या दानपेट्यांचे आकडे तोंडपाठ होते.

"ते विहाराचे. माझ्या आठ वस्तू तू आत्ताच मोजल्यास."

ते लिहायला बसले. काळा. धाकटा काळा. लंगडी. लंगडीचा थोरला. एकदाही अडले नाहीत. प्रत्येक नावापुढे मालकाच्या रकान्यात सही करत होते. रम्पा एकेक ओळ तपासत होती. शेवटच्या सहीनंतर तिने पर्समधून चावी काढली.

"त्रेचाळीस. झाले, भंते."

त्यांनी पेन खाली ठेवलं नाही. "अजून एक आहे."

"कोणता?"

"शनिवारचा."

"तो मेला, भंते," विनित म्हणाला. "त्याला आता लस कशाला?"

"लस नकोय त्याला."

कम्फोल बाकावरून उठला.

"पंधरा दिवसांपूर्वी कुणीतरी गाडीतून आणून त्याला फाटकात टाकलं," भंते त्याच्याकडे बघत म्हणाले. "नाव ठेवायचं राहून गेलं. दोनदा भात घातला मी."

"मग तो तुमचा कसा?" विनितने विचारलं.

"दोनदा भात घातला ना."

कम्फोल टेबलाशी येऊन उभा राहिला. विनितने रम्पाच्या कानाशी वाकून व्यवहाराची गोष्ट सांगितली: "मॅडम, नावं चव्वेचाळीस आणि मात्रा त्रेचाळीस. लेखापरीक्षक हेच धरतील."

"धरू देत."

कागदावर ओळ उरली नव्हती. रम्पाने पट्टी घेतली आणि सगळ्यांत खाली आणखी एक आखली.