दाढी उतरल्यावर

पातेलं त्याच्या कानाजवळून गेलं आणि दारावर आदळलं. मागोमाग लाटणं आलं. ते मात्र खांद्यावर नेमकं बसलं.

"कोण आहेस तू? घरात शिरलासच कसा? बाहेर हो आधी!" बायको ओरडत होती. कडेवर वर्षभराची लेक, भर उन्हाळ्यातही डोक्यावर पिवळी टोपी.

त्याला आधी हसूच आलं. तो बाजारात भाजीचा लिलाव पुकारणारा. आवाजावरच पोट. घशात गाठ झाली, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर तोंडातून शब्द काढलात तर आवाज कायमचा गेला समजा. ऑपरेशनसाठी दाढी उतरवली, लग्नाआधीपासूनची. नेहमीचा चौकड्यांचा शर्ट डागाळला, म्हणून नवा पांढरा घेतला. लेक लहान म्हणून बायको घरीच होती. तिची गंमत करावी म्हणून हा पठ्ठ्या न कळवताच आला आणि किल्लीने दार उघडून आत शिरला. झाली मस्करीची कुस्करी!

त्याने छातीवर बोट ठेवलं. अगं, मी! गालावरून हात फिरवून दाढी गेल्याचं खुणावलं. ती सरळ त्याच्या तोंडाकडे बघत होती, पण नजरेत ओळखीचा मागमूस नव्हता. त्याचं हसू मावळलं. हिला वेडबीड तर लागलं नाही?

ती मागे सरकत गॅलरीत गेली. तिसरा मजला. तो समजूत काढायला पुढे झाला, तशी शेजारच्या गॅलरीत उतरायला तिने लेकीसकट एक पाय कठड्यापलीकडे टाकला. आवाज गेला खड्ड्यात!

"चिमणे!"

घशात काहीतरी टरकन फाटलं. तोंडात रक्ताची चव आली.

तिने पाय आत घेतला. धावत येऊन त्याला बिलगली आणि रडायलाच लागली. "अहो, तुम्ही? मग आधी हाक नाही का मारायची? रोज सांगते ना, दारातून हाक मारा म्हणून!"

रोज सांगायची खरी. लाडाचा हट्ट, असं तो मित्रांना कौतुकाने सांगायचा. रस्त्यात समोरासमोर येऊनही हिने ओळख दाखवली नाही, म्हणून त्याच्या बहिणीने हिच्याशी बोलणं टाकलं होतं. गर्विष्ठ कुठली, म्हणून.

गलका ऐकून शेजारच्या काकू धावत आल्या. "अगं बाई, दाढीच गेली ना? चेहरा तर तोच आहे की!"

"चेहरा?" बायको डोळे पुसत म्हणाली. "काहीतरीच काय, काकू! चेहऱ्यावरून का कुठे माणूस ओळखू येतो?"

काकू हसल्या. ती हसली नाही. त्याची नजर लेकीच्या पिवळ्या टोपीवर गेली आणि तिथेच खिळली. ही टोपी बायको कुणाला काढू देत नसे.

बायकोने काकूंकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिचा रंग उडाला.

"अहो, म्हणजे तुम्हा सगळ्यांना ओळखता येतं?"

हो म्हणायला त्याने तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.