शाखेची चौकशी

बैठकीत पडद्यावर आपल्याच शाखेचं नाव आलं आणि मॅनेजरबाईंनी हातातला पाण्याचा ग्लास तसाच खाली ठेवला.

मुख्य कार्यालयानं बँकेच्या सगळ्या शाखांच्या खर्चाची कार्यक्षमता मोजली होती. सगळ्यात काटकसरी शाखा जे काम शंभर रुपयांत उरकते, त्याला तिच्या शाखेत दीडशे लागत होते. आकड्यांशी तिचं भांडण नव्हतं. पण मोठे साहेब कारणं वाचू लागले. "दुपारी तिघांचं काम, बसतात पाच. कर्जाचा कारकून निम्मा दिवस म्हाताऱ्यांचे अर्ज भरून देत बसतो. रोखपालबाईंचं मूल आजारी पडलं, की त्यांना लवकर सोडतात."

हे तिनं एकाच माणसाला सांगितलं होतं. घरी, जेवताना.

नवरा मुख्य कार्यालयात, याच मोजमापाच्या विभागात होता. कित्येक वर्षं दोघांचं बोलणं "गॅस बंद केलास का" आणि "लाइटबिल भरलं" याच्या पुढे जात नव्हतं. मग एके दिवशी त्यानं टीव्ही बंद केला, खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "आज काय काय झालं गं शाखेत?"

"लग्न ठरताना तरी एवढे प्रश्न विचारले होतेस का?" ती हसली होती.

तो रोज विचारू लागला. कोण कुठं बसतं, कोण कुणाला सांभाळून घेतं. ती हरखून गेली. सांगता सांगता भाजी गार व्हायची. घरी पोचायच्या आधी ती लिफ्टच्या आरशात केस नीट करू लागली होती.

बैठकीनंतर संध्याकाळी ती घरी आली, चपला न काढताच त्याच्यासमोर उभी राहिली.

"शाखा बंद होतेय. कारकुनाला घरी बसवणार."

त्यानं मान वर केली नाही. "खर्च का वाढतो ते कळल्याशिवाय अहवाल पुरा होईना. आणि मी खोटं कुठं लिहिलंय? तुझी नोकरी सुरक्षित आहे, मी साहेबांशी बोललोय." मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. "अगं, रडतेस काय? एका शाखेसाठी?"

"शाखेसाठी मी भांडेन, रडणार नाही," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तू माझ्याशी बोलायला लागलास."