वैशाखाचा एक तास

“खिशात कांदा काहून, आजी?” कावेरीने नाक मुरडले.

“ऊन लागू नये म्हणून. ठेव मुकाट्याने!”

मुंबई समुद्रात गेल्यावर राजधानी पुन्हा नागपूरला आली आणि शहरावर गारव्याचा घुमट चढला. तेव्हापासून ‘आपली राजधानी’ या धड्यातले उन्हाळ्याचे पान मुलांना उमगेना. मुले जिला आजी म्हणत, त्या शाळेतल्या वेणूताई उमाठे यांनी सरकारशी भांडून धरमपेठेवरचा घुमट तासाभरासाठी उघडून घेतला होता. एक जरी मूल घेरी येऊन पडले, तर तो पुन्हा उघडणार नव्हता. म्हणून शाळेच्या गच्चीवर त्यांनी प्रत्येकाला पन्हे पाजले आणि डोक्याला दुपट्टा बांधला.

घुमट सरकला. चार वाजताचे ऊन अंगावर कोसळले. मुले किंचाळली.

“बाप्पा! आजी, पायाला काळं काय चिकटलं? मी पळाले की तेही पळतं!” कावेरी ओरडली.

घुमटाखालच्या विखुरलेल्या उजेडात जन्मलेल्या त्या मुलांनी स्वतःची सावली कधी पाहिलीच नव्हती. मग तासभर गच्चीवर नुसता धुडगूस चालला.

घंटा झाली. एकही मूल पडले नव्हते. देखरेखीला आलेल्या सरकारी अधिकाऱ्याने हसून पुढच्या वैशाखाचीही परवानगी दिली.

“तोवर ती मोठी होईल, आजी?” कावेरीने सावलीकडे बोट दाखवले.

“आधी तू हो,” वेणूताई म्हणाल्या. “ती आपोआप होईल.”